भिंतीवरच्या तीन काचा

आमचे हे रंगारी आहेत. लोकांच्या भिंती रंगवतात आणि आपल्या भिंतीवर साधा ओरखडा दिसला तरी यांना जेवण जात नाही. सासूबाईंच्या खोलीत खिडकीपासून छतापर्यंत एक भेग होती. ती दर वर्षी उघडायची, दर वर्षी हे तिच्यात पुट्टी भरायचे, वरून रंगाचा हात मारायचे आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मोकळे व्हायचे. मीही कौतुकच करायचे. खोटं कशाला बोलू?

मग शेजारी मोठ्या इमारतीसाठी खड्डा खणायला लागले आणि भेग पुन्हा उघडली. गल्लीतले सगळे एका दिवसात तज्ज्ञ झाले. समोरचा शिंपी म्हणाला, "भिंत आज ना उद्या बसणार, सामान हलवा." वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "छे, ती वरवरची आहे, आपण सगळे जाऊ पण भिंत राहील." उचलली जीभ लावली टाळ्याला. गंमत म्हणजे दोघांच्या आवाजात तसूभर शंका नव्हती.

आम्ही भिंत दाखवायला बोलावलेला इंजिनिअर मात्र शहाणा निघाला. त्याने भेगेत पट्टी घालून पाहिली आणि विचारलं, "ही वाढतेय का? मागच्या वर्षी केवढी होती?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे आम्ही दोघं. सासूबाईंना दिसत नाही, बारा वर्षं झाली. मागच्या वर्षीची भेग यांच्या पुट्टीखाली गडप झाली होती. एवढी वर्षं भिंत काय सांगत होती ते यांनी स्वतःच्या हाताने, दोन कोट देऊन पुसलं होतं.

घर सोडायचं तर माझ्या भावाची दोन खोल्यांची जागा रिकामी होती. पण या घरात सासूबाई स्वतः चहा करतात, न्हाणीत जातात, अंगणातल्या झाडांना पाणी घालतात, कुणाचा हात न धरता. नव्या घरात त्या पलंगावर बसून राहणार, हे मला दिसत होतं. आणि इथे राहायचं तर रात्री त्यांच्या अंगावर भिंत येणार की काय, या भीतीने माझा डोळा लागत नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर.

इंजिनिअरने एका म्हाताऱ्या गवंड्याचं नाव सुचवलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याने भिंतीवर हात फिरवला, बाहेर जाऊन खड्डा पाहिला आणि म्हणाला, "मला माहीत नाही." आठ दिवसांत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मला एकदम धीर आला.

त्याने पातळ काचेच्या तीन पट्ट्या भेगेवर आडव्या लावल्या, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा आणि बाजूला तारीख. "काच ताणली जात नाही. भिंत केसभर हलली तरी तुटणार. तीन महिन्यांत शेजारचा पाया वर येईल. हलायची असली तर याच काळात हलेल. तोवर छताला टेकू आणि या खोलीत कुणी झोपायचं नाही."

"आणि तुटली तर?" मी विचारलं.

"ते आत्ता ठरवा, सूनबाई. तुटल्यावर प्रत्येकाला सबबी सुचतात."

सासूबाई म्हणाल्या, "एक जरी तुटली तरी मी चकार शब्द न काढता निघेन. मात्र तीन महिने तिन्ही शाबूत राहिल्या, तर पुन्हा कुणी मला घर सोडायला सांगायचं नाही." ठरलं. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत आला. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा खुर्चीवर आपटल्या.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर मधली काच उभी चिरली होती.

"अहो, काच तुटली!" मी यांना हाक मारली. सासूबाईंनी ती ऐकली. मी कपाटातून गाठोडी काढते आहे तोवर त्या दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसल्या. पायात चपला, मांडीवर पिशवी. ती कधी भरून ठेवली होती, देव जाणे. शब्द दिल्याप्रमाणे तोंडातून चकार शब्द नाही.

हे दारात आले, आईला तसं बसलेलं पाहिलं आणि म्हणाले, "आई, काल मी तिथे पॉलिश पेपर मारला."

"कुठे?" मी विचारलं.

"मधल्या काचेच्या गोळ्याची कड फार ओबडधोबड दिसत होती."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलता मला हसूही येत होतं आणि रडूही.

मिस्त्री आला. वरची आणि खालची काच त्याने नखाने वाजवून पाहिली, दोन्ही शाबूत. "भेग वर रुंद आहे. भिंत हलली असती तर वरची आधी गेली असती."

"ही सबब तर नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. चपला अजून पायातच होत्या.

मिस्त्री म्हणाला, "असू शकते, वहिनी. आपल्याला हवं तेच खरं मानायला माणूस टपलेला असतो. म्हणून मधली नवी लावतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजू. रोज दोनदा बघायचं. आता कुठलीही तुटली, तर कारण शोधायचं नाही, मला विचारायचंही नाही. निघायचं." मग यांच्याकडे वळून म्हणाला, "आणि तू त्या खोलीत पाय ठेवायचा नाहीस."

नव्वद दिवस. शेजारचा पाया वर आला, त्यावर भिंती चढल्या. मी सकाळ-संध्याकाळ काचा बघायचे, वहीत तारीख टाकायचे. हे दाराबाहेरूनच विचारायचे, "आहेत ना?" पुढे पुढे मला झोप लागायला लागली. भिंतीची खात्री पटली म्हणून नव्हे, तर काय झालं की काय करायचं हे ठरलेलं होतं म्हणून.

एक्क्याण्णवाव्या दिवशी मिस्त्रीने तिन्ही काचा पाहिल्या, इंजिनिअरनेही पाहिल्या. भेग जुनीच होती, हलत नव्हती. टेकू निघाले. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच पोटभर रडून घेतलं.

बाहेर आले तर सासूबाई आपल्या खोलीत पोहोचल्या होत्या. पलंग जागेवर आला होता. पिशवीतून एकेक वस्तू काढून त्या चाचपत जिथल्या तिथे ठेवत होत्या, औषधं, फणी, शाल. मी म्हटलं, "आई, तुम्ही केवढ्या ठाम होतात. तुम्हाला आधीपासूनच खात्री होती ना?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुटेल."