पुस्तकाला जोडलेली सोळा पानं

अभियांत्रिकी कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना बावीस वर्षांच्या नोकरीत पुस्तकं लांबवणारे भेटले होते, पानं फाडणारे भेटले होते, पुस्तकात कंगवा विसरून महिन्यानं तो मागायला येणारेही भेटले होते. पण स्वतःचंच पुस्तक कपाटातून काढून टाका म्हणून विनवणारा लेखक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते ते. 'पाणथळ जमिनींचा निचरा' हे त्यांचं पुस्तक तीस वर्षं अभ्यासक्रमाला होतं. दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन. ती कोरडी कशी करायची, चर किती खोल खणायचे, उतार किती ठेवायचा, सगळं आकृत्यांसकट त्यात होतं.

"अकरा प्रती आहेत," बाई म्हणाल्या. "फाटलेलं पुस्तक रद्द करता येतं, नाहीतर पाच वर्षांत कुणी नेलंच नाही तर. तुमचं तर पोरं भांडून नेतात, साहेब."

"तीच तर पंचाईत आहे," साहेब म्हणाले आणि समोरच्या स्टुलावर मटकन बसले.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो हातात नुसता धरून ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

शहराच्या खालच्या अंगाला पूर्वी मोठी पाणथळ होती. अडतीस वर्षांपूर्वी ती त्यांनीच कोरडी केली. त्या कामावरच पुस्तक उभं राहिलं. पुढे तिथे वसाहत झाली, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं, चिमीनं, त्यांच्या शब्दावर तिथे घर बांधलं. गेल्या साली वरच्या भागात तीन दिवस सलग पाऊस झाला. नदी फुगली, नाल्याचं तोंड बंद झालं आणि वसाहतीचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी उलटं आत फिरलं. चिमीचे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. तिनं त्यांचं डोकं पाण्याच्या वर धरून ठेवलं, जमेल तितका वेळ. शेजारी दार फोडून आत आले तेव्हा उशीर झाला होता.

"मला एका शब्दानं बोलली नाही हो," साहेब म्हणाले. "फक्त विचारलं, दादा, तू म्हणाला होतास ना, पाणी आता इकडे येत नाही? विचारलं म्हणजे खरंच विचारलं. तिला वाटलं, मला काहीतरी उत्तर ठाऊक असेल."

बाईंनी उठून कपाटातली एक प्रत आणली. प्रस्तावनेतला एक किस्सा सगळ्या कॉलेजला पाठ होता. पाणथळीतल्या लव्हाळ्याच्या चटया विणणारी एक बाई कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांना आडवी आली होती आणि म्हणाली होती, "इथलं पाणी हाकललंत, तर ते राहायला कुठे जाईल?" साहेबांनी तो अडाणीपणाचा नमुना म्हणून छापला होता. तीस वर्षं पोरं त्यावर हसत होती. ग्रंथपालबाईही कधीकाळी हसल्या होत्या.

"प्रती काढून काय साधणार?" बाई म्हणाल्या. "बाहेर शंभर ठिकाणी हे पुस्तक असेल. छापून केलेली चूक छापूनच निस्तरा. तुम्ही पानं लिहा, मी ती अकराही प्रतींना शिवून घेते."

"असं चालतं?"

"चालत नाही असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. मी बघितलंय."

साहेब दोन महिने लिहीत बसले. त्या चटईवाल्या बाईचा शोध घेतला. ती केव्हाच वारली होती. तिची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत झाडलोट करत होती. आईचं बोलणं पुस्तकात छापून आलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. साहेबांनी तिला तो किस्सा वाचून दाखवला, पोरं त्यावर हसत आली हेही सांगितलं, मान खाली घालून.

"आई बरोबरच बोलली की," लेक म्हणाली. "मग हसले कशाला?"

साहेबांनी तिची माफी मागितली. तिनं ती दिली की नाही, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं नुसता झाडू उचलला.

लिहून झाल्यावर ते पानं घेऊन चिमीकडे गेले. पाणथळ म्हणजे नदीनं श्वास घ्यायला ठेवलेली जागा, असं पहिलंच वाक्य होतं. चिमीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दादा, पाणी रात्री आलं असं लिहिलंयस. रात्री नाही, सकाळी. उजाडलेलं होतं. मला सगळं दिसत होतं."

साहेबांनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं. मग दोघंही बराच वेळ रडली. वर्षभरात एकमेकांसमोर पहिल्यांदाच.

सोळा पानं छापून झाली, शिवून झाली. विषय शिकवणारे प्राध्यापक भडकले. "आधीची दहा प्रकरणं खरी की हे अकरावं? मुलांनी परीक्षेत लिहायचं काय?" बाईंनी शांतपणे सांगितलं, "मुलांनाच विचारा. अकराच्या अकरा प्रती बाहेर गेल्यात."

दुसऱ्या वर्षी खात्यातली एक तरुण इंजिनिअर साहेबांच्या दारात आली. तिच्या हाती दुसऱ्या एका पाणथळीच्या निचऱ्याचा आराखडा होता आणि तिनं ती पानं वाचली होती. साहेब तिच्याबरोबर गुडघाभर चिखलात उतरले. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, ते त्यांनी तिला चार दिवस दाखवलं. तिनं अहवाल दिला. वरच्यांशी भांडली. शेवटी आराखडा रद्द झाला नाही, पण अर्धा झाला. निम्मी पाणथळ तशीच राहणार होती.

तसं कळवणारं त्या तरुण इंजिनिअरचं पत्र साहेबांनी चिमीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आणि उरलेल्या अर्ध्यात घरं होणार?"

"होणार."

"मग त्या माणसांना कोण सांगणार?"



पुढच्या रविवारी ती दोघं तिथल्या भूखंडांच्या विक्री कार्यालयाबाहेर जाऊन उभी राहिली. साहेबांच्या हातात नकाशा, बोलत चिमी होती. आपल्या घरी काय झालं, तेवढंच सांगायची. पहिल्या दिवशी कुणी थांबलं नाही. एकानं तर खोड मोडायची धमकी दिली. दुसऱ्या रविवारी एक जोडपं थांबलं. बाईच्या कडेवर झोपलेली मुलगी होती. त्यांनी सगळं ऐकलं, नकाशा नीट पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि कार्यालयाची पायरी न चढता परत फिरली.

चिमी ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं पदर सारखा केला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.