पातेल्यातला थर्मोस्टॅट

गाडी तापली की दोष बाईचा. हा नियम कुणी केला देव जाणे, पण कावेरीबाईंच्या बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या घरात तो बिनतक्रार चालू होता. गेल्या रविवारी होसकोट्याला जाताना काटा लाल रेघेवर गेला. त्यांनी शहाण्यासारखी गाडी बाजूला घेतली, इंजिन गार होऊ दिलं नि हळूहळू घरी परतल्या. शाबासकी राहिली बाजूला, मुलानं चावी काढून घेतली.

"आई, तू सारखी खालच्या गियरमध्ये चालवतेस. तापणार नाही तर काय?" मुकुल म्हणाला. "आता विकूनच टाकू."

होसकोट्याला त्यांची थोरली बहीण सोयराबाई अंथरुणाला खिळलेली. कावेरीबाई रविवारी गेल्या की तिचं न्हाणं व्हायचं, मग दोघी माहेरच्या, निपाणीच्या आठवणी काढून पोटभर हसायच्या. गाडी गेली की तेही गेलं. आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ज्या बाईनं उभा जन्म सुटे भाग तपासले, जिच्या शिक्क्याशिवाय साधा नट बाहेर पडत नव्हता, तिला हा पोरगा इंजिन शिकवणार!

दुसरी चावी त्यांच्याजवळ होतीच. शनिवारी सकाळी त्यांनी फाटकाच्या आतच बॉनेट उघडलं. समोरचे महांतेशअण्णा लगेच डोकावले.

"अक्का, मुकुल कुठं हाय? हे बायकांचं काम न्हवं."

"अण्णा, स्वल्प बाजूला व्हा. उजेड अडतोय."

त्यांनी जुन्या परातीत इंजिन गार ठेवणारं कूलंट काढलं, पाइपची क्लिप सैल केली, दोन बोल्ट फिरवले नि बिस्किटाएवढा थर्मोस्टॅट हातात आला. इंजिन तापलं की यानं उघडायचं नि कूलंटला रेडिएटरकडे वाट द्यायची, एवढंच त्याचं काम. नवा आणलेलाच होता. पण तपासल्याशिवाय काहीही बसवायचं नाही, ही कारखान्यातली सवय. त्यांनी दोन्ही दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यात सोडले.

"मुकुल, इकडे ये!"

पाणी तापत गेलं, तसा नवा अलगद उघडला. जुना मात्र, पाणी खळखळून उकळलं तरी, तोंड मिटून बसला.

"म्हणजे गियर..."

"गियरचं नावही काढू नकोस."

नवा थर्मोस्टॅट, नवं गॅस्केट, ताजं कूलंट. त्यांनी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. काटा मधोमध येऊन थांबला तो हललाच नाही.

"मानलं तुला, आई!" मुकुल म्हणाला. त्यांना खरंच बरं वाटलं. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "आता भावही चांगला येईल. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय बघायला."

कावेरीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, दोष सापडला ना? मग विकायची कशाला?"

"प्रश्न गाडीचा नाही गं." तो खाली बघत म्हणाला. "तू या वयात एकटी हायवेवर जातेस. लोक मला विचारतात, मुलगा काय करतो म्हणून."

म्हणजे आठवडाभर गियर गियर म्हणून त्यांच्या हाताला नावं ठेवली, ती लोकांसाठी! सरळ बोलला असता तर त्या भांडल्या असत्या, रडल्याही असत्या. हे मात्र फार लागलं. त्यांनी बॉनेट लावलं, पदराला हात पुसले नि गाडीत जाऊन बसल्या.

"आई, अगं, गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"गाडी होसकोट्याला गेलीय म्हण. आणि विचारलंच, तर म्हण, उद्याही जाणार आहे."