पात्र उमेदवार आढळला नाही

ललिताला जाऊन एकवीस दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी मी दुकान उघडलं. पेठ फाट्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दहावं, सगळं छापतो. मशीन गरम होईपर्यंत मी चहा मागवला. तेवढ्यात डिझाइन करणाऱ्या सायलीनं कॉम्प्युटरवरून हात काढून घेतले.

"काका, कॉलेजची ऑर्डर आलीये. तुम्हीच बघा. मला नाही होणार."

दहा बाय आठचा फ्लेक्स होता. वर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो, हात जोडलेला. त्याखाली प्राचार्य, मग संचालकांची ओळ. मधोमध मजकूर: 'आमच्या समाजशास्त्र विभागातील ज्येष्ठ संशोधक प्राध्यापिका डॉ. ललिता भोये यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' शेजारी एक रिकामी चौकट, आणि तिच्यात बारीक अक्षरात 'मॅडमचा फोटो इथे.'

ललिता भोये म्हणजे माझी बायको.

मी कॉलेजच्या हेडक्लार्कला, भिकाभाऊंना, फोन लावला.

"भिकाभाऊ, ऑर्डर कुठं टाकली ते बघितलं का?"

"कुठं? दरवेळच्या दुकानात... अरे देवा. गोरखभाऊ, चुकलं हो. नेहमीचा नंबर म्हणून पाठवली. डोक्यातच आलं नाही." मग म्हणाले, "आता आलीच आहे तर, फोटो तुमच्याकडं असेल ना? आमच्याकडं एकही सापडेना. सगळे अल्बम पालथे घातले."

"अकरा वर्षं होती ती तुमच्याकडं."

"हो ना. पण विभागाच्या एकाही फोटोत मॅडम नाहीत."

"ते सगळे फोटो तिनंच काढलेत, भिकाभाऊ."

मी फोन ठेवला.

हे खरं आहे. दरवर्षी मार्चमध्ये विभागाचा फोटो असायचा. कायम नोकरीतले लोक खुर्च्यांवर बसायचे. तासावर शिकवणाऱ्यांना सांगायचे, तुमचा नंतर काढू. आणि ललिताच्या हातात कॅमेरा द्यायचे. "मॅडम, तुमचा विषयच मीडिया आहे, तुम्हीच काढा ना." ती घरी येऊन मला सांगायची आणि हसायची. मला राग यायचा. ती म्हणायची, "अरे, मला फुकटात संशोधन मिळतंय."

तिचं संशोधन म्हणजे हेच होतं. कोण फोटोत असतं आणि कोण नसतं.

आमची ओळखही त्यातूनच झाली. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, कोकणा आदिवासी समाजाची. वडील भाताच्या कामापुरते गावात, एरवी कुठं ना कुठं मजुरीला. ती शिकत शिकत नाशिकला आली आणि सिनेनटांच्या फॅन मंडळांवर पीएचडी करायला लागली. त्या मंडळांचे फ्लेक्स मी छापायचो. एक दिवस ती दुकानात आली, जुने फ्लेक्स बघू द्या म्हणाली. मला वाटलं, कुठली तरी तक्रार आहे. तिनं भिंतीला लावलेल्या एका फ्लेक्सवर बोट ठेवलं.

"हा हात कुणाचा?"

मंडळाच्या अध्यक्षाच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात. पुढं माणूस नव्हता.

"बुधाचा," मी म्हणालो. "कटआउट बांधतो तो. मंडळवाले म्हणाले, त्याला काढा, तो चांगला दिसत नाही. मी काढला. हात राहून गेला."

"चांगला दिसत नाही म्हणजे?"

तिला उत्तर माहीत होतं. बुधा तिच्याच तालुक्यातला, तिच्याच समाजाचा. त्या नटाचा त्याच्याएवढा वेडा माणूस मी पाहिला नाही. थिएटरवर तीस फूट वर चढून तो कटआउट बांधायचा, हार घालायचा, वरून उडी मारायचीच तेवढी बाकी ठेवायचा. पण फ्लेक्सवर त्याचा चेहरा कधीच नव्हता. आणि तो कापणारा मी होतो. इतक्या वर्षांत तो हात मला दिसला नव्हता. ललिताला एका मिनिटात दिसला.

पुढं आमचं लग्न झालं. मी निफाडकडचा. माझ्या घरच्यांनी दोन वर्षं तोंड पाहिलं नाही. ते वेगळं.

डॉक्टरेट झाली, प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झाली, तिचे लेख बाहेरच्या विद्यापीठांत शिकवले जायला लागले. आणि शहरातल्या ह्या कॉलेजात ती तासावर शिकवायला लागली. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि एकाच कॉलेजात असं चालतं असं कुणाला वाटायला नको.

विभागात एक जागा होती, अनुसूचित जमातीसाठी राखीव. ललिता तिथं तीनदा मुलाखतीला गेली. तीनदा निकाल लागला: पात्र उमेदवार आढळला नाही.

पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "मॅडम, हिरोच्या फोटोला दूध ओतणाऱ्या पोरांवर पीएचडी? हा काय विषय झाला?" दुसऱ्या वेळी विचारलं, "तुमच्याकडं सगळ्यांना वारली चित्रं येतात ना? आमच्या हॉलची भिंत रिकामी आहे." तिसरी वेळ ह्याच वर्षी, जूनमध्ये. घरी आली, चप्पल काढली आणि अध्यक्षांसारखी मान वाकडी करून दाखवायला लागली.

"'मॅडम, पोरं तुमच्यावर खूश आहेत म्हणे. म्हणजे तुमचेच फॅन झाले की!' सगळे हसले बघ. मी पण हसले."

"तू कशाला हसलीस?"

"मग काय करणार होते? रडले असते तर म्हणाले असते, भावनिक आहेत, पात्र नाहीत."

आणि निकाल लागल्यावर त्याच आठवड्यात भिकाभाऊंचा फोन. मॅडम, सोमवारपासून तास सुरू करा. तेच वर्ग, तोच विषय, तीच पोरं. तासावर शिकवायला ती पात्र, खुर्चीवर बसायला अपात्र. जागा रिकामी ठेवायची आणि त्याच जागेचं काम त्याच बाईकडून करून घ्यायचं. हे नजरचुकीनं होत नाही. हे ठरवून होतं, आणि करणारे शिकलेले लोक असतात.

सप्टेंबरमध्ये तिला ताप भरला. मी म्हणालो, घरी थांब. ती म्हणाली, तासावरच्या माणसाला रजा नसते, परीक्षेला नाही गेले तर पुढच्या वर्षी यादीत नाव राहत नाही. तिसऱ्या दिवशीही ती सुपरव्हिजनला गेली. चौथ्या दिवशी दवाखान्यात कळलं, डेंग्यू आहे. सहाव्या दिवशी ती गेली.

ताप कुणाच्या हातात नव्हता. ते तीन दिवस कुणाच्या हातात होते, ते मला माहीत आहे.

त्या मंगळवारी मी ऑर्डर तशीच ठेवली. संध्याकाळी आमच्या मुलीनं, आरोहीनं, माझ्या फोनवर तो मजकूर वाचला. ती दहा वर्षांची आहे. 'प्राध्यापिका' शब्दावर थांबली.

"पप्पा, आई पास झाली?"

तेव्हा ललिताची आई, भागीबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोरीला खोटं नको सांगू, जावई."

"नाही झाली, बाळा," मी म्हणालो.

बुधवारी प्राचार्यांनी बोलावलं म्हणून गेलो. टेबलावर एक पत्र तयार होतं.

"गोरखराव, बसा. आमच्या भावना तुम्हाला ठाऊकच आहेत. शुक्रवारी मूल्यांकन समिती येतेय. त्याच दिवशी अध्यक्षसाहेब संशोधन केंद्राला मॅडमचं नाव देणार आहेत. टीव्हीवाले, पेपरवाले, सगळे असतील."

"केंद्रात काम कोण करणार?"

"नेमू कुणालातरी. सध्या तासिका तत्त्वावर."

मी पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं की डॉ. भोये ह्या महाविद्यालयात अकरा वर्षं पूर्णवेळ कार्यरत होत्या आणि त्यांचं सर्व संशोधन ह्या महाविद्यालयाचं आहे. खाली माझ्या सहीची जागा.

"सर, जूनमध्ये ती पात्र नव्हती."

"तो समितीचा तांत्रिक निर्णय होता हो."

"त्या समितीत तुम्ही होतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे बघा, तुमच्या दुकानाला आपण सगळी कामं देतो. संबंध आहेत आपले. सही केलीत तर मॅडमचं नाव राहील. नाही केलीत तर काय राहील?"

मी पेन उचललं नाही. उठलो. दाराशी गेल्यावर ते मागून म्हणाले, "निदान फोटो तरी पाठवा."

"फोटो तुम्ही काढायचा होता," मी म्हणालो.

दुकानात आलो आणि सायलीला म्हणालो, ती फाइल उघड. अध्यक्ष काढ. प्राचार्य काढ. संचालकांची ओळ काढ. मजकूरही काढ. तिनं एकेक चेहरा उडवला. शेवटी रिकामी चौकट तेवढी राहिली.

"इथं मॅडमचा फोटो टाकू ना, काका? हसरा आहे एक."

"नको. रिकामीच राहू दे. त्यांच्याकडं आहे तशीच."

चौकटीखाली आम्ही तीन मुलाखतींच्या तारखा छापल्या. प्रत्येक तारखेपुढं त्यांचेच शब्द: पात्र उमेदवार आढळला नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'ह्याच कॉलेजात ह्याच बाईंनी अकरा वर्षं तासावर शिकवलं.' बस.

बुधाला बोलावलं. तो आता चाळिशीचा आहे, अजून फ्लेक्स बांधतो. कॉलेजच्या कमानीही तोच बांधतो. त्यानं फ्लेक्स जमिनीवर पसरून वाचला.

"बुधा, ह्याच्यानंतर कॉलेज तुला काम देणार नाही. विचार कर. दुसरा माणूस बघतो मी."

"दुसरा कशाला? बाई आमच्यातली होती," तो म्हणाला. "माझा हात वळखला होता तिनं."

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या गेटसमोर, चहावाल्याच्या गाळ्यावर, त्याला विचारून, बुधानं फ्लेक्स बांधला. चारी कोपरे ताणून, एक सुरकुती नाही. साडेनऊला पोरं जमली. ललिताची विद्यार्थिनी वैष्णवी आली, सुरगाण्याकडची, आता स्वतः नेट पास झालेली. ती तारखा वाचत उभी राहिली.

दहाला भिकाभाऊ पळत आले. मागून प्राचार्य.

"गोरखभाऊ, हात जोडतो, समिती फाट्यावर आलीये! काढा ते!"

"मला चढता येत नाही, भिकाभाऊ."

त्यांनी शिपायाला शिडी आणायला सांगितलं. शिपाई दोन पायऱ्या चढला आणि खाली आला. गाळ्याचे पत्रे त्याचं वजन पेलणार नव्हते. मग प्राचार्यांना चहाच्या बाकावर बसलेला बुधा दिसला.

"ए बुधा! ऊठ, चढ लवकर. काढ तो फ्लेक्स."

बुधा उठला. कप खाली ठेवला.

"काढतो की सायेब. लगेच काढतो. त्यावर लिवलंय ते खोटं हाय, असं सगळ्यांपुढं सांगा फक्त."

प्राचार्यांनी वर पाहिलं. भिकाभाऊंनी खाली पाहिलं. समितीची गाडी आली, गेटाशी हळू झाली. मागच्या सीटवरच्या बाईंनी काच खाली केली. त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्या चौकटीत कोण आहे?"

"आमच्या मॅडम," वैष्णवी म्हणाली.

"खोटं हाय का, सायेब?" बुधानं परत विचारलं.

प्राचार्य गाडीच्या मागं मागं गेटातून आत गेले. फ्लेक्स तिथंच राहिला.

समितीनं पुढं काय लिहिलं, मला माहीत नाही. कॉलेजनं माझी कामं बंद केली, बुधाचीही. केंद्राला ललिताचं नाव दिलं नाही, ते बरं झालं. आता दुकानात कुठल्याही मंडळाचा फ्लेक्स आला की मी विचारतो, बांधणार कोण? त्याचाही फोटो द्या. काही देतात. बाकीचे दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत.

गेल्या आठवड्यात पेपरात जाहिरात आली. तेच कॉलेज, तीच जागा, तोच प्रवर्ग. वैष्णवीनं अर्ज भरलाय. मुलाखतीच्या दिवशी मी आणि भागीबाई बाहेरच्या बाकावर बसणार आहोत. निकालाची तारीख अजून कळली नाही. बुधा म्हणाला, कळली की फोन करा, शिडी घेऊन येतो. मी दहा बाय आठचा एक कोरा फ्लेक्स कापून ठेवलाय.