डावीकडून येतोय

"अगं, ऐकतेस का?"

मागच्या अंगणातून हाक आली, तशी ऑपरेटरबाईंनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि "आले, आले" करत मागचं दार गाठलं. फोरमन पालथ्या बादलीवर बसले होते. पाठ दाराकडे, तोंड घोडीकडे.

"आज गुडघा फार ठणकतोय बघ," ते घोडीला सांगत होते. "बसलं की उठवत नाही. सांगू नकोस कोणाला."

घोडीनं एक कान त्यांच्याकडे वळवला आणि गवत चघळत राहिली. बाई उंबऱ्यातच थांबल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला गुडघे आहेत एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते दुखतात, हे आज कळलं, आणि तेही घोडीच्या मेहरबानीनं.

"मला हाक मारलीत का?"

फोरमननी वळून पाहिलं. मान हलवून नाही म्हटलं, मग अंगठा ओठांशी नेऊन खाली आणला. म्हणजे चहा.

ही खूण कारखान्यातली. फोरमनची सगळी नोकरी पत्रे कापायच्या यंत्रांमध्ये गेली. तिथल्या धडधडाटात माणूस शेजारी उभा राहून बोंबलला तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार हातानं चाले. तो फोरमननी घरीही आणला. चहाला अंगठा, जेवणाला पाच बोटं एकत्र, दिवा घालवायला मिटलेली मूठ. मुलगी झाली तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या दारातून दोन्ही हात वर केले होते, आणि बाईंनी ते आनंद म्हणून धरून घेतलं होतं.

बाईंचं मात्र सगळं आयुष्य बोलण्यावर. मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी पंचवीस वर्षं काढली. "नमस्कार, हॉस्पिटल. कोण हवंय?" हे त्या अशा सुरात म्हणत, की पलीकडचा रडणारा माणूसही नाव नीट सांगे. त्या कामाचा एक धर्म होता: लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा. कोण काय बोलतं ते ऐकायचं नाही. बाईंनी तो एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा त्यांना तोराही होता. दिवसभर लोकांची लोकांशी गाठ घालून द्यायची आणि घरी येऊन भिंतीशी बोलायचं, असं त्यांचं चाललं होतं. त्याचीही सवय झाली होती. नवरा अबोल आहे, त्याला कोण काय करणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मग ही आली.

निवृत्तीनंतर फोरमन फुटकळ वेल्डिंगची कामं करत. सोडवून आणलेल्या जनावरांच्या आश्रमाचं फाटक जोडायला गेले आणि संध्याकाळी दारात घुटमळत उभे राहिले. बाई खुणेची वाट पाहत होत्या. पण कारखान्याच्या खुणांत घोड्याला खूण नव्हती, त्यामुळे बिचाऱ्यांना बोलावं लागलं.

"घोडी," ते म्हणाले.

"कसली घोडी?"

"आणतोय."

विचारणं नाही, सल्ला नाही. मागच्या पत्र्याच्या शेडमधलं भंगार हललं आणि तिथं फासळ्या मोजून घ्याव्यात अशी एक करड्या रंगाची घोडी येऊन उभी राहिली. सोबत आश्रमातली डॉक्टरीण आली होती.

"हिचा डावा डोळा गेलाय," ती म्हणाली. "गाडीवाला त्याच बाजूनं चाबूक मारायचा. तिकडून कोणी गुपचूप आलं की हिला वाटतं, आता बसणार. मग ही बिथरते. म्हणून डावीकडून जाताना आधी बोलायचं. काहीही बोला, पण बोलत राहा. आवाज तोडायचा नाही."

बाईंना हसू आवरेना. "डॉक्टर, मग हिला आत्ताच परत न्या हो. आमच्याकडे हे व्हायचं नाही."

पण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन शेडच्या फळीपाशी उभे राहिले, घसा खाकरला आणि नोटीस वाचावी तसे म्हणाले, "मी आहे. डावीकडून येतोय. हातात बादली आहे. बादलीत पाणी आहे." घोडी कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती. ते असेपर्यंत तिनं पाण्याला तोंड लावलं नाही. फोरमन पालथी बादली घेऊन लांबच बसले आणि बोलत राहिले. बादलीचा विषय किती पुरणार? तो संपल्यावर पत्र्याचा विषय निघाला, मग कारखान्याचा, मग एका मशीनवर बोट गेलेल्या मित्राचा, मग लहानपणी विहिरीत पडलेल्या चपलेचा. जन्मभर तुंबलेलं सगळं वाहायला लागलं. एके दिवशी ते समोर असताना घोडी पाणी प्यायली. पुढे तिनं त्यांच्या तळहातावरचं गाजर उचललं. आणि एका सकाळी बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर घोडीनं आपलं लांबोडकं तोंड फोरमनच्या खांद्यावर टाकलं होतं आणि फोरमन डोळे मिटून उभे होते.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ही कुठली कोण, हाडं घेऊन आलेली, आणि हिच्यासाठी कुलूप उघडलं! आपण काय कमी वाट पाहिली?

नणंदेचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं ओकून टाकलं.

"आमचा दादा? बोलतो?" नणंद पलीकडे खिदळत होती. "वहिनी, सवत आणली की गं त्यानं म्हातारपणी!"

"सवत परवडली असती. तिला दोन शब्द सुनावता तरी आले असते. हिला काय सुनावू?"

"अगं, जनावर ते. त्याचं काय मनावर घेतेस?"

पण बाईंनी घेतलं. सगळ्यात जास्त त्यांना एक गोष्ट खात होती. खिडकीशी उभं राहून त्यांनी विहिरीतली चप्पल ऐकली, मित्राचं बोट ऐकलं, लेकीच्या लग्नात फोरमन न्हाणीघरात जाऊन रडले होते तेही ऐकलं. या सगळ्यात आपण कुठे आहोत? नवऱ्याच्या एवढ्या मोठ्या गोष्टीत बायकोचं नावही नाही? चांगलं नसेल तर वाईट तरी बोलावं. एकदा तरी.

त्या आधी खिडकीशी थांबत. मग दाराशी थांबू लागल्या. मग चहा हातात घेऊन शेडच्या पत्र्याआड. चहाच तर न्यायचाय, असं स्वतःला सांगत. हॉस्पिटलच्या बोर्डावर ज्यांनी कधी कोणाची लाइन चोरून ऐकली नाही, त्या आता पत्र्याला कान लावत होत्या. आपलं आपल्यालाच बरं वाटत नव्हतं, पण पाय तिकडेच वळत होते.

असंच एकदा दुपारी त्या उभ्या होत्या. आत फोरमन घोडीला ब्रश करत होते.

"आता येईल ती चहा घेऊन," ते म्हणाले.

बाईंनी कान पत्र्याला आणखी चिकटवला. ती! म्हणजे आपण.

"तुला एक सांगू?" फोरमनचा आवाज खाली गेला. "तिला ना..."

पुढचं ऐकू येईना. बाई एक पाऊल पुढे सरकल्या, मग आणखी एक. पत्र्याची कड ओलांडून त्या श्वास रोखून आत आल्या तेव्हा त्यांच्या ध्यानातच आलं नाही, की ही घोडीची डावी बाजू आहे. बशीवर कप वाजला. घोडी एकदम उसळली, मागचं धूड गर्रकन फिरलं, आणि फोरमन लाकडी खांब आणि घोडी यांच्यामध्ये चेंगरले. कसला तरी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.

खांद्याचं हाड आणि दोन फासळ्या. हॉस्पिटल बाईंचंच जुनं. बोर्डावर आता कोणी नवीन मुलगी होती. फोरमन कॉटवर पांढरेफटक पडले होते. बाई जवळ बसल्या तसा त्यांनी चांगला हात उचलला, बोटं हवेत फिरवली, खूण सापडेना. शेवटी ओठ हलवले.

"घोडी... उपाशी असेल."

बाईंना हसावं की रडावं कळेना. फासळ्या यांच्या मोडल्या, रात्रभर खुर्चीत आपण अवघडलो, आणि जीव अडकला कुठे, तर तिच्यात!

"मी होते तिथं," त्या म्हणाल्या. "चोरून उभी होते. तिची चूक नाही."

फोरमननी तळवा हळूच खाली दाबला. कारखान्यात त्याचा अर्थ होता, मशीन थांबवा. बाईंनी तेवढ्यावर भागवलं.

घरी येऊन त्या गवताची पेंढी घेऊन फळीपाशी उभ्या राहिल्या. घोडी पुन्हा पहिल्या दिवसासारखी कोपऱ्यात गेली होती. "मी आहे," बाई म्हणाल्या, पण आवाज चिरका निघाला आणि घोडीनं कान मागे पाडले. जिच्या नावानं महिनोन्‌महिने बोटं मोडली, तिच्याशी गोड कसं बोलणार? आणि मग, का कोण जाणे, तोंडून तो जुना सूर बाहेर पडला.

"नमस्कार, हॉस्पिटल. कोण हवंय?"

घोडीचा कान पुढे आला.

"फोरमन? ते आत्ता जागेवर नाहीत. वॉर्डात आहेत. बरे आहेत." बाई एकेक पाऊल टाकत होत्या. "मी डावीकडून येतेय. हातात गवत आहे. काही निरोप आहे का त्यांना?"

निरोप नव्हता. पण घोडीनं गवताला तोंड लावलं. बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि बोलत राहिल्या. त्यांच्याकडे काय, सांगायला पंचवीस वर्षांचे आवाज होते: मुलगा झाल्याचे, माणूस गेल्याचे, चुकून लागलेल्या नंबरांचे. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या.

"काय गं, त्या दिवशी काय सांगत होते तुला? 'तिला ना'... पुढे काय?"

घोडी चघळत राहिली.

"नाही सांगणार. आतल्या गाठीची मेली!" बाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. मत्सर काही गेला नव्हता. आता तर तो जास्तच ठुसठुसत होता, कारण उत्तर हिच्यापाशीच होतं.

रोज असं चाललं. आधी गाजर तळहातावरून गेलं. मग एका संध्याकाळी बाईंच्या खांद्यावर काहीतरी जड आणि उबदार येऊन टेकलं. त्या हलल्या नाहीत. या खांद्यावर असं विश्वासानं कोणी डोकं टेकल्याला किती वर्षं झाली असतील, हे त्यांनी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

फोरमनना घरी सोडलं तेव्हाही बाई शेडमध्येच होत्या. उद्या सोडणार म्हणाले होते, आजच सोडलं. रिक्षातून उतरून, गळ्यात हात अडकवलेले फोरमन घराला वळसा घालून थेट मागे आले आणि फळीपाशी उभे राहिले. बोलले नाहीत. छातीत कळ येत असेल, किंवा जुनी सवय. पाचोळ्यावर पाय वाजला तशी घोडी ताठ झाली आणि बाईंना चिकटली.

"घाबरू नकोस," बाई तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या. "आपलेच आहेत. बोलत नाहीत, पण आपलेच आहेत."

घोडी निवली. तिनं तोंड पुन्हा बाईंच्या खांद्यावर टाकलं. बाईंनी फोरमनकडे पाहिलं. ते घोडीकडे बघत होते, मग बाईंच्या खांद्याकडे, आणि त्यांचा चेहरा पडला होता. तो चेहरा बाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. कित्येक महिने त्यांनी तो स्वतःच्याच आरशात पाहिला होता. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"या की आत. आधी बोला मात्र."

फोरमननी घसा खाकरला. "मी आहे," ते म्हणाले. "डावीकडून येतोय."

डावीकडे बाईच उभ्या होत्या. ते जवळ येईपर्यंत त्या थांबल्या. मग घोडीचं तोंड दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते नवऱ्याच्या धड खांद्याकडे वळवलं, बादली पालथी करून त्यांना बसायला दिली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मी जाते. चहा टाकते. लगेच येणार नाही."

स्वयंपाकघरात त्यांनी आधण ठेवलं. बाहेर फोरमननी बोलायला सुरुवात केली होती. आवाज हळू होता. वॉर्डातलं काही असेल, गुडघ्याचं असेल, किंवा त्या दिवशी अर्धंच राहिलेलं.

बाई खिडकीपाशी गेल्या. क्षणभर गजाला धरून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी खिडकी लावून घेतली.