ताईंच्या नजरेला बेतलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. कारखान्यात माझ्या काचा घासणारा कारागीर म्हणाला होता, "हिच्यातून चंद्र बघावा." माझ्या नशिबी आला नदीचा धक्का. तक्रार नाही. चंद्राला पिल्लं होत नाहीत.

मला विकत घेतलं ते नावेच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या ताईंनी. दोन फेऱ्यांच्या मधे त्या मला डोळ्यांना लावत. थंडीत लांबून आलेली बदकं, उन्हाळ्यात ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं आणि पाणी उतरलं की समोरच्या काठावरची पाणमांजरं. पुढच्या पायांत मासा धरून खाणारी ती मंडळी पाहून ताई एकट्याच हसत. चित्र स्पष्ट करणारं माझं मधलं चाक त्यांनी आपल्या नजरेला बेतून ठेवलं होतं. घरादाराला ताकीद होती, "बघायचं तेवढं बघा. चाकाला हात लावायचा नाही."

ताईंचा धाकटा भाऊ गवंडी. त्याला हातातली वीट स्वच्छ दिसे, लांबचं सगळं धूसर. चष्म्याचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. पण ताईंच्या शब्दाबाहेर नव्हता. ताई पाणमांजर दाखवत, तो चाकाला हात न लावता बघे आणि मला परत देत म्हणे, "ताई, ओंडका आहे गं तो." मग घरात त्या ओंडक्यावरून बरीच वर्षं चेष्टा चालली. त्याला धूसर का दिसतं ते मला ठाऊक होतं, पण दुर्बिणीला कोण विचारतं?

पुढे समोरच्या काठाला भिंत बांधायचं काम भावाकडेच आलं. काठावरची भोकं आधी दगडांनी बुजवायची होती.

"त्या मुळांखालच्या बिळात पिल्लं आहेत," ताई म्हणाल्या.

"ताई, माणसं कामाला उभी आहेत. ओंडक्यापायी काम थांबवू?"

त्यांनी मला त्याच्या हातात कोंबलं. त्याने पाहिलं. "धूसर. नेहमीसारखंच."

"नेहमीसारखंच म्हणजे?" ताईंनी माझ्या चाकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चाक फिरव."

"तूच तर नको म्हणतेस."

"फिरव म्हणते ना."

चाक एका जागी बसून आखडलं होतं. ते कुरकुरत फिरलं. बिळातून एक पाणमांजर पिल्लाला मानेला धरून बाहेर आलं. मागून आणखी दोन तोंडं डोकावली. भावाने मला डोळ्यांवरून खाली घेतलं. मग त्याने पलीकडे हाक दिली, "अरे, त्या टोकाने सुरू करा. इथे हात लावू नका."

आज भिंत त्या मुळांपाशी वळसा घेऊन जाते.

मित्रांनो, माझ्या काचा मऊ कापडाने पुसा, मला ओल लागू देऊ नका. आणि मला दुसऱ्याच्या हाती देताना चाक मोकळं ठेवा. ताईंना आता रोज ते नव्याने फिरवावं लागतं, कारण भाऊ त्यांच्याआधी येऊन बसलेला असतो.