बोटीचा वर्षावास

“इथं ठीक वाजतंय,” बाबुराव म्हणाले आणि पटाशीची मूठ पालथ्या बोटीच्या पाठीवरून वीतभर पुढे नेऊन त्यांनी पुन्हा ठोकली. “इथंही.” मग आणखी वीतभर पुढे. या वेळी ते काही म्हणाले नाहीत. तिथंच तीनदा ठोकलं, कान जवळ नेला आणि चौथ्यांदा ठोकलं. आत माणसं आहेत हे माहीत असताना दार उघडत नसलं की आपण ठोकतो ना, तसं.

चंद्रभागाबाई रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून लसूण सोलत होत्या. लाकडातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या गप्प राहण्यातलं बरंच कळायला लागलं होतं.

“काय झालं?”

“काही नाही. पत्र्यावर पाऊस वाजतोय, नीट ऐकू येत नाही.”

पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. चंद्रभागाबाईंनी तसं सांगितलं नाही. पुढची पाकळी घेतली.

खडकवासल्याच्या पाण्याकाठी एका क्लबाची ही पत्र्याची शेड. जून लागला, वारा पिसाळला की सगळ्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून इथं पालथ्या घालायच्या आणि पाऊस सरेपर्यंत त्यांची डागडुजी करायची, अशी रीत. क्लबातले साहेब लोक याला ऑफ-सीझन म्हणत. बाबुराव वर्षावास म्हणत. पावसाळ्यात भिक्खू फिरत नाहीत, एका जागी थांबून अभ्यास करतात. बोटीनंही तेच करावं. दापोडीच्या विहारात त्यांनी हा दाखला एकदा दिला, तेव्हा भंतेजीही हसले होते. आश्विन पौर्णिमा झाली की वर्षावास संपला, बोट पाण्यात.

बोट चौदा फुटी, सागवानी. बाबुराव लष्करी वर्कशॉपात सुतार होते. शहाऐंशी साली भंगाराच्या लिलावात ही सांगाड्यासारखी पडली होती, ती त्यांनी उचलली. घरी सांगितलं नाही. चंद्रभागाबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की लोक स्कूटर घेतात. क्लबानं मेंबर करून घेतलं नाही, पण क्लबाच्या बोटी फुकट दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर शेडमध्ये जागा दिली. बाबुरावांचे म्हातारे वडील एकदा गावाहून आले, तेव्हा ती पाण्यावर बघून बराच वेळ उभे राहिले. मग लेकाला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “तुला त्या पाण्यात हात घालू देत्यात?”

बाबुरावांनी हात घातला होता. मग पूर्वाला घेऊन गेले होते. पूर्वा तेव्हा नऊ वर्षांची. ही बोट एकट्यानं चालत नाही, दोघं लागतात. एक सुकाणूवर, एक शिडाच्या दोरीवर. पुढली बारा वर्षं दोरीवर पूर्वा होती. दापोडीहून स्वारगेट, स्वारगेटहून दुसरी बस, डब्यात पोळीभाजी. वाऱ्याचा रोख बघता बघता तिनं दहावी केली, इंजिनिअरिंग केलं, आणि नव्याण्णव साली सगळ्या जगाची कॉम्प्युटरं म्हणे एका रात्रीत बंद पडणार होती, ती सावरायला अमेरिकेला गेली. कॉम्प्युटरं बंद पडली नाहीत. पूर्वा तिकडेच राहिली.

आता तीन वर्षांनी येणार होती. एकोणीस डिसेंबरचं तिकीट काढलं होतं. फोनवर दुसरं काही मागितलं नाही, म्हणाली, “बाबा, बोट तयार ठेवा.”

म्हणून यंदाचं नियोजन मोठं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बाबुरावांनी सुतारी पेन्सिलीनं ते लिहून काढलं होतं. जूनमध्ये तपासणी. जुलैत सुकाणूच्या पितळी खिळी बदलायच्या, डोलकाठीचा पाया नवा घालायचा. ऑगस्टमध्ये शिडाचा फाटका कोपरा दुहेरी शिवून घ्यायचा, दोऱ्या नव्या. सप्टेंबरात रंग. आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात: पू. च्या आईसाठी पाठ टेकायला फळी. चंद्रभागाबाई सोळा वर्षांत एकदाही बोटीत बसल्या नव्हत्या. या डिसेंबरात बसेन, असं पूर्वाला फोनवर कबूल करून बसल्या होत्या.

तपासणी पहिल्याच रविवारी अडली.

त्याला कारण होतं दोन वर्षांपूर्वीचं. पूर्वानं तिकडून एक जाड पाकीट पाठवलं होतं. इंटरनेटवरून छापून काढलेली बारा पानं, इंग्रजी, चित्रांसकट. फोनवर तिनं ती मराठीत वाचून सांगितली. दरवर्षी खरवडा, फटीत सूत ठोका, जवसाचं तेल पाजा, हे सगळं आता जुनं झालं. लाकडावर बाहेरून फायबरग्लासचं कातडं चढवायचं, एकदाच. “नो मेंटेनन्स, बाबा. तुमचे गुडघे दुखतात, किती वर्षं करणार?” बाबुरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी ती पानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. आला-गेला बघेल अशी.

त्याच वर्षी जुलैत काम काढलं. भवानी पेठेतून काचेचं कापड आणि ते चिकटवायला रेझिन आणलं. चंद्रभागाबाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. बाहेर धो धो चाललं होतं. बाबुरावांनी उघड्या लाकडावर तळवा दाबून धरला, पोराचा ताप बघावा तसा, आणि स्वतःशीच म्हणाले, ओल आहे.

मग उन्हाळ्यात करा, असं त्या म्हणाल्या होत्या. तर म्हणाले, पूर्वानं ऑफ-सीझनला सांगितलंय, आणि त्या ओलीवरच कातडं चढवलं.

तिकडचा ऑफ-सीझन म्हणजे बर्फ. बोटी कोरड्या ठणठणीत बंद गोदामात. इकडचा ऑफ-सीझन म्हणजे भिंतीला बुरशी आणि मीठ पाझरलेलं. बारा पानांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि तीस वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारी त्यांनी तळहाताएवढा चौकोन आखला आणि ते फायबरचं कातडं पटाशीनं उचकटलं. आत लाकूड नव्हतं. उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखं काहीतरी होतं, ओलं, काळपट. त्याचा वास चंद्रभागाबाईंच्या डब्यापर्यंत आला. बाबुरावांनी त्यात बोट घातलं. बोट दोन पेरं आत गेलं. 

बाहेरून बोट आरशासारखी चकाकत होती. दोन वर्षं सगळा क्लब तिचं कौतुक करत होता.

“कळवा तिला,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

“काय कळवू?”

“जे झालं ते. तिकडं चालतं, इकडं चाललं नाही.”

“ती डिसेंबरपर्यंत झोपायची नाही.”

“तुम्ही तरी कुठं झोपणार आहात?” त्या उठून जवळ आल्या. “तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग तेव्हा तोंडाला काय झालं होतं? एरवी भाजीवाल्याला वजन शिकवता.”

बाबुरावांनी फडक्याला बोट पुसलं. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“आपल्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कागद वाचून सांगत होतं, पूर्वाची आई. आजवर दुसऱ्यांची पोरं वाचायची, आपण ऐकायचं. ह्या वेळी आपली पोरगी वाचत होती. तिच्यासमोर माझा हात मध्ये घालू? आणि सांगू काय? हाताला ओल लागतेय म्हणून?”

यावर चंद्रभागाबाईंकडे उत्तर होतं. त्यांच्याकडे नेहमीच असायचं. पण त्या महापालिकेच्या बालवाडीत सव्वीस वर्षं सेविका होत्या, आणि मुलांना ‘बाई सांगतील तेच खरं’ हे त्यांनीच सव्वीस वर्षं सांगितलं होतं. त्या परत डब्यावर जाऊन बसल्या.

नियोजन बदललं. कॅलेंडरच्या पाठीवरचं सगळं खोडून बाबुरावांनी एकच लिहिलं: बरगड्या. फळ्यांना आतून धरणाऱ्या त्या कमानींतल्या सडलेल्या काढायच्या, नव्या घालायच्या, सप्टेंबरअखेर. दर रविवारी पहिल्या बसनं जायचे. आधी चार बरगड्या म्हणाले, मग सात. एक फळी सोडवायला गेलं की शेजारची हातात यायची. कधी काही विचारलं तर, होईल, म्हणायचे. जुलै संपला तरी नवीन एकही बरगडी बसली नव्हती, कारण ती जिथं ठोकायची ते लाकूडच खिळा धरत नव्हतं.

पूर्वाचा फोन रविवारी रात्री आठला यायचा, तिकडे सकाळ. काम कुठवर आलं, असं ती विचारायची आणि बाबुराव तिला जुनं नियोजन सांगायचे. सुकाणूच्या खिळी झाल्या. पितळ आता पूर्वीसारखं मिळत नाही. शीड शिवायला टाकलंय, शनिवार पेठेतला तंबूवाला चांगला आहे. डोलकाठीच्या पायाला बाभूळ वापरू की सागच, असं त्यांनी एकदा तिला विचारलंसुद्धा, आणि ती म्हणाली, बघून सांगते, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबले. सागच, असं तिनं सांगितलं. तेव्हा बरं म्हणाले. चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. इतकं सविस्तर खोटं त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सगळी कामं अगदी बारकाव्यानिशी होत होती, फक्त बोट नव्हती.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी ते तळाच्या मधल्या लाकडापर्यंत पोचले. सगळी बोट ज्याच्यावर उभी, तो कणा. त्यांनी पटाशी टेकवली, ठोकायची गरज पडली नाही. पटाशी आपल्या वजनानं आत उतरली.

“कणा गेला,” ते म्हणाले. एवढंच. मग हत्यारं पुसून एकेक पिशवीत भरली. चंद्रभागाबाईंना वाटलं होतं, ते रडतील, निदान चिडतील, मग आपणही चार शब्द बोलू. ते नळावर गेले, हातपाय धुतले, आणि येऊन डबा उघडा म्हणाले. डब्यात मेथीची भाजी होती. दोघांनी खाल्ली.

क्लबाचे सेक्रेटरी येऊन गेले. वाईट झालं, म्हणाले. हिंजवडीच्या कंपन्यांचे लोक आता शनिवार-रविवार इथं येणार होते, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या बारा नव्या बोटी मागवल्या होत्या, तेव्हा जागा जरा लवकर मोकळी झाली तर बरं. आवाज मऊ होता माणसाचा.

शेडचा राखणदार संपत दाराशी घुटमळत होता. जवळच्याच वाडीतला.

“मामा, राग येनार नसंल तर बोलू? हितलं लाकूड काढल्यावर ह्ये जे बाहेरचं कवच ऱ्हातंय, ते टाकनारच हाय का? म्हशींच्या पान्याला शिमिटाचा हौद होता, त्यो फुटलाय बगा. लई आबदा हाय.”

चंद्रभागाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाबुरावांनी बोटीकडे पाहिलं. “ने,” ते म्हणाले. “पण कापायचं मी कापून देतो. तू चुकीचं कापशील.”

दोन रविवार लागले. सडकं लाकूड त्यांनी खुरप्यानं काढलं, ते चुलीत घालण्याच्याही लायकीचं नव्हतं. वरच्या कडा करवतीनं सरळ रेषेत उतरवल्या, कानशीनं घासल्या; म्हशीच्या गळ्याला लागायला नको. उचकटलेला चौकोन काचेच्या कापडाचा तुकडा रेझिननं चिकटवून बुजवला. मग संपतच्या भावाच्या ट्रॅक्टरमधून ते कवच गोठ्यापाशी नेलं. खाली मातीचा भराव केला, चारी बाजूंनी दगड लावले, बादल्यांनी पाणी भरलं. पाणी स्थिर झालं. एक म्हैस आली, तिनं एकदा हुंगलं आणि तोंड घातलं.

बाबुराव गुडघे धरत खाली बसले. कवचाच्या बाहेरच्या अंगावरून त्यांनी तर्जनी फिरवत नेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, मग पलीकडच्या बाजूनं परत. बोट डोळ्यांजवळ धरून बघितलं. कोरडं होतं. तरी अर्धा तास थांबून त्यांनी पुन्हा तसंच बघितलं. चंद्रभागाबाई गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. शेवटची बस निघेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी पोचायला पावणेआठ झाले. आठला फोन वाजला. चंद्रभागाबाईंनी कुकर लावला होता. डिसेंबरचं काय, असं त्यांनी वाटेत बसमध्ये विचारलं होतं. डिसेंबरचं डिसेंबरला, असं उत्तर मिळालं होतं. पण आज तरी सांगतील, असं त्यांना वाटत होतं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

“काय म्हणतेय बोट?” पूर्वाचा आवाज इतका मोठा की आतपर्यंत आला. “फायबर नीट टिकलंय ना, बाबा? मी इथं एकाला विचारलं, तो म्हणाला, जुन्या लाकडावर कधी कधी प्रॉब्लेम येतो. मला एकदम टेन्शन आलं.”

चंद्रभागाबाईंनी गॅस बारीक केला.

“टेन्शन कसलं त्यात,” बाबुराव म्हणाले. “तुझं फायबर एकदम पक्कं निघालं. आजच पाणी लावून बघितलं. मी स्वतः हात फिरवून बघितला. एक थेंब झिरपत नाही.”

“खरंच?”

“खरंच. आईला विचार.”

आईला तिनं विचारलं नाही. हसली. म्हटलं नव्हतं का मी, म्हणाली, आणि मोकळ्या आवाजात पुढचं सांगायला लागली: रंग कुठला चांगला, तो किती थर द्यायचा, दोन थरांत किती तास थांबायचं. बाबुराव रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभे होते, पाठ ताठ, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.