सव्वानऊच्या ढलप्या

मी बोलतोय तो अर्नेस्टीनबाईंच्या मागच्या पडवीतून, बंद दाराआडून. मी विजेवर चालणारा स्मोकर. कंबरेएवढं काळं कपाट, आत चार जाळ्या, तळाशी तापणारी तार, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा पत्र्याचा ट्रे, आणि दारावर आच कमीजास्त करायचा एक गोल खटका. मांसाला मंद आचेवर तासन्‌तास धुरी द्यायची, एवढंच माझं काम. स्वभावाने मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसणार नाही.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला चकचकीत होतो, खोक्यावर माझा फोटो होता, सोबत रसरशीत मांसाचाही. पहिला मालक मला मोठ्या कौतुकाने घेऊन गेला. नव्या स्मोकरला आतून तेलाचा हात फिरवून तीन तास रिकामं तापवावं लागतं, हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय. त्या गृहस्थाने पुस्तिका उघडलीच नाही. थेट टर्की आत ठेवली. कारखान्याचं सगळं तेल त्या बिचाऱ्या पक्ष्याला लागलं, घरच्यांनी नाकं मुरडली, आणि आठवड्याच्या आत मी दुकानात परत. खोक्यावर कुणीतरी जाड पेनाने लिहिलं, ‘परत आलेला’.

आमच्या टेनेसीत वस्तू परत देणं म्हणजे नेहमीचीच गोष्ट. नव्वद दिवसांत केव्हाही या, पावती दाखवा, मोकळे व्हा. माणसांना त्यात काही वाटत नाही. पण परत आलेल्याला मागच्या गोदामात टाकतात, आणि दुसऱ्यांदा परत आला तर तोडून त्याचा पत्रा करतात. हे मी तिथे माझ्या डोळ्यांदेखत पाहिलंय. तेव्हापासून कुणी माझ्याजवळ आलं की मी घाबरतो.

अर्नेस्टीनबाई आल्या तेव्हाही घाबरलो. सत्तरीला टेकलेल्या, उंच, एक खांदा जरा वाकडा. त्या खांद्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. दुकानातला पोऱ्या त्यांना माझ्या शेजारचा मोठा, काचेच्या दाराचा स्मोकर दाखवत होता. तो फोनवरून चालतो म्हणे. बाई म्हणाल्या, माझा फोन मला पर्समध्ये सापडत नाही, तो मांस कसलं शिजवणार? मग त्यांनी पिशवीतून चर्चमधला जेवणाचा लांबट ट्रे काढला आणि प्रत्येकाच्या जाळीवर ठेवून पाहिला. तो मोठा उंच, पण जाळी अरुंद, तिच्यावर तो बसेना. माझ्या जाळीवर अलगद बसला. नंतर त्यांनी चर्चचं पत्रक माझ्या दारात धरलं, दार लावलं आणि पत्रक ओढलं. निघेना. फट नाही म्हणजे धूर बाहेर जाणार नाही. वाकावं लागतं का, तेही पाहिलं. पोऱ्याने आपल्या परीने सांगितलं, हा परत आलेला आहे, आजी.

“माणसंही परत येतात,” बाई म्हणाल्या. “गाडीत ठेव.”

घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन तास रिकामं तापवलं. चष्मा लावून, पुस्तिका मांडीवर घेऊन. मला रडू आलं असतं, पण मला ती सोय नाही.

आता त्यांना माझी गरज का पडली ते सांगतो. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या चर्चचं होमकमिंग असतं. शिकागो, डेट्रॉइट, कुठे कुठे गेलेली सगळी माणसं त्या दिवशी गावी येतात, आणि प्रार्थनेनंतर झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडून जेवतात. चाळीस वर्षं त्या टेबलावर डुकराच्या खांद्याचं मांस बाईंच्या घरातून गेलं. ते करायचे त्यांचे नवरे, ल्यूशस. परसात विटांची भट्टी, हिकरीच्या लाकडांचे निखारे, आणि ते आदल्या दिवसापासून तिच्याजवळ बसून. फेब्रुवारीत ल्यूशस गेले. बाईंच्या खांद्याला निखाऱ्यांचं फावडं पेलवत नाही. पण यंदाही मांस आपल्याच घरातून जाईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. लोकांनी ल्यूशसची रिकामी जागा बघत जेवू नये, एवढीच त्यांची इच्छा. आणि ती इच्छा त्यांनी माझ्यासारख्या घाबरटावर सोपवली होती.

ल्यूशसचा धाकटा भाऊ थॅडियस याला हे मुळीच पटलं नव्हतं. तो जन्मभर भावाच्या हाताखाली भट्टीवर राबलेला. त्याला वाटलं होतं, यंदा भट्टी आपणच लावायची. पण वसंतात त्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती, आणि बाईंनी त्याला फावड्याला हात लावू दिला नाही. त्याचा राग तो माझ्यावर काढायचा.

“वहिनी, याला टोस्टर म्हणतात,” तो पहिल्या दिवशी म्हणाला. “यात पाव भाजा.”

“पाव भाजीन तेव्हा तुम्हाला बोलवीन, भावजी,” बाई म्हणाल्या.

होमकमिंगच्या आदला शनिवार उजाडला. पहाटे पाचच्या सुमारास बाईंनी चार मोठे तुकडे माझ्या चार जाळ्यांवर ठेवले, मीठ-तिखट आदल्या दिवशीच चोळलेलं. खटका दोनशे पंचवीस फॅरनहाइटवर. दर पाऊण तासाने त्या उठून मूठभर हिकरीच्या ढलप्या माझ्या ट्रेमध्ये घालत होत्या. सव्वानऊला त्यांनी शेवटची मूठ घातली आणि बायकांबरोबर दफनभूमी झाडायला गेल्या. होमकमिंगच्या आधी तिथलं गवत काढून फुलं ठेवायची पद्धत आहे. यंदा त्यांना तिथे जास्त वेळ लागणार होता, ते मला कळत होतं.

त्या गेल्या आणि थॅडियस आला. हातात आइस्क्रीमचा पॉट, मोटरवर फिरणारा. दरवर्षी पीचचं आइस्क्रीम त्याच्याकडे. पडवीतल्या ज्या सॉकेटमध्ये माझी वायर होती, त्याच्याच दुसऱ्या भोकात त्याने पॉटची पिन घातली. बर्फ आणि जाडं मीठ भरलं. पॉट फिरायला लागला, थरथरला, आणि खारं पाणी वायरवरून ओघळत थेट पिनेपाशी पोचलं. सॉकेटवर एक छोटं बटण असतं. ओल लागली की ते टप्पकन बाहेर येतं आणि वीज तोडतं.

ते बाहेर आलं. पॉट थांबला. मीही थांबलो.

थॅडियसने पॉटला दोन चापट्या मारल्या, मोटर अडकली म्हणून पुटपुटला, आणि पॉट उचलून स्वयंपाकघरात नेला. तिथे तो फिरायला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याची तरी काय चूक? ज्याने जन्मभर लाकडावर मांस शिजवलं, त्याच्या डोक्यात हे येणारच नाही की स्मोकरचा जीव भिंतीतल्या भोकात असतो. आग विझली तर त्याला दुरून वासाने कळलं असतं. वीज गेलेली कुणाला कळते?

मी आतल्या आत ओरडत होतो. माझी तार लाल होती ती काळी पडली. ट्रेमधल्या ढलप्या अर्ध्या जळून विझल्या. माझ्या अंगात जाड अस्तर आहे, उष्णता धरून ठेवायला. पोऱ्याने दुकानात त्याचं केवढं कौतुक केलं होतं. त्याच अस्तराने आता मांस गार होऊ दिलं नाही आणि गरमही राहू दिलं नाही. कोमट. दहा वाजले, अकरा, बारा. बाहेर ऑगस्टचं ऊन, आत चार तुकडे तसेच घामेजलेले. मला त्यांच्यात काय वाढतंय ते जाणवत होतं. आधी मी स्वतःसाठी घाबरलो: आता परत जाणार, पत्रा होणार. मग मला झाडाखालची टेबलं आठवली, बाई मोजत होत्या ती सत्तर माणसं, त्यातली म्हातारी, तान्ही पोरं. तेव्हा जी पाचावर धारण बसली, तिच्यापुढे गोदामाची भीती काहीच नव्हती.

पावणेतीनला थॅडियस पंखा घेऊन पडवीत बसायला आला. पंखा लागेना. सॉकेटवरचं बटण त्याला दिसलं, त्याने ते अंगठ्याने दाबलं. पंखा फिरला. तो डोळे मिटून बसला.

आणि मी सुरू झालो. वीज परत आली की आधीच्याच आकड्यावर आपोआप सुरू होतो, हाही माझा गुण म्हणून खोक्यावर छापलाय. तार तापली, विझलेल्या ढलप्या पुन्हा धुमसल्या. सव्वातीनला बाई आल्या, तेव्हा माझ्या धुराड्यातून छान निळसर धूर निघत होता. त्या थकल्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“शहाणा आहेस,” म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला शहाणा म्हटलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा वाजता त्यांनी मांसात थर्मामीटरची सळई खुपसली. दीडशे. एव्हाना पुष्कळ पुढे जायला हवं होतं. बाई काळजीत पडल्या. थॅडियस मात्र मोठ्या आनंदाने म्हणाला, मांस बसलंय, वहिनी. मोठा तुकडा मध्येच तासन्‌तास एका आकड्यावर रुसून बसतो, हे भट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक. दादा म्हणायचा, अशा वेळी हात लावायचा नाही. बाईंनी मान हलवली. मी मनात म्हटलं, संपलं. जे यांना येतं, त्यानेच यांचा घात होणार.

मग थॅडियसला राहवलं नाही. मला टोमणा मारल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

“याच्या धुराला धूर म्हणायचं का, वहिनी? मूठभर ढलप्या, पाऊण तासात राख.”

“पाऊण तासात,” बाई म्हणाल्या. ढलप्यांची पिशवी हातात तशीच. “भावजी, मी नसताना तुम्ही घातल्यात का यात?”

“मी? याला मी हात लावणार?”

“मग सव्वानऊच्या ढलप्या सव्वातीनला कशा धुमसत होत्या?”

पंखा फिरत होता. थॅडियसने आधी पंख्याकडे पाहिलं, मग पंख्याची वायर जिथे गेली होती तिकडे. माझी वायर त्याला बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा दिसली. तो गप्प राहिला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. हे मला ठाऊक होतं, त्यालाही.

“बटण बाहेर आलं होतं,” तो हळूच म्हणाला. “मी दाबलं ते. पंख्यासाठी.”

“केव्हा?”

“पावणेतीन.”

“आणि बंद कधी पडलं?”

“पॉट थांबला तेव्हा. तुम्ही गेल्या गेल्या.”

बाई खुर्चीत बसल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. तिथला नियम चार तासांचा: ना गरम ना गार असं मांस त्याहून जास्त राहिलं तर टाकायचं, मागेपुढे बघायचं नाही. थॅडियस विनवायला लागला. अजून रात्रभर शिजेल, सगळे जंतू मरतील. वास तर घ्या. दादाचं पहिलं वर्ष आहे, वहिनी, रिकाम्या हाताने कसं जायचं? बाई म्हणाल्या, जंतू मरतात, त्यांनी मागे ठेवलेलं विष मरत नाही. त्यांनाही जायचंच होतं त्या टेबलाशी, मला दिसत होतं ते.

थॅडियसने रागाने माझं दार उघडलं, एका तुकड्याची कड ओरबाडली आणि तोंडात टाकली. “हे बघा. काय झालं मला?”

चारही तुकडे बाईंनी काळ्या पिशवीत घातले, एका हाताने, दुखरा खांदा सांभाळत. पिशवीला गाठ मारताना त्या रडल्या. ल्यूशसच्या अंत्यविधीनंतर, थॅडियस नंतर म्हणाला, त्यांना रडताना त्याने तेव्हाच पाहिलं.

आठ वाजायच्या आत तो कुंपणाशी ओणवा झाला होता. एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडून द्यावं इतक्यांदा. बाई त्याच्या पाठीवर हात फिरवत उभ्या होत्या. डॉक्टरांना फोन केला, पाणी थोडं थोडं पाजलं. मी पाहत होतो आणि एकच विचार करत होतो: हा एक घास होता. एक माणूस.

त्याच संध्याकाळी बाईंनी मला साबणाने, मग व्हिनेगरने धुतलं, कोपरान्‌कोपरा. रविवारी पहाटे कोंबडीच्या साठ तंगड्या माझ्या जाळ्यांवर मांडल्या. त्यांना तीन-चार तास पुरतात. थॅडियसचा चेहरा राखेसारखा, पण तो मदतीला उठला. बाईंनी दटावलं, आजारी माणसाने अन्नाला हात लावायचा नाही. मग तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला, सोड्याचा ग्लास हातात, नजर सॉकेटवर. चार तास. मध्येच तो माझ्या दाराला तळहात लावून बघे, तापलोय का म्हणून. एकदा तर त्याने मला विचारलंसुद्धा, “ठीक आहेस ना रे?”

तंगड्या गेल्या, बाई गेल्या. आम्ही दोघं मागे राहिलो. दुपारभर माझा जीव टांगणीला.

चारला त्या परतल्या. टोपी काढली, बूट काढले. थॅडियसने विचारलं, काय म्हणाले सगळे? बाई म्हणाल्या, ल्यूशसचं मांस कुठे म्हणून विचारलंच. सांगितलं, खराब झालं, टाकलं. मग सगळ्यांनी तंगड्या खाल्ल्या.

“माझं नाव घेतलंत?”

“नाही.”

“घ्यायला हवं होतं.”

“पुढच्या वर्षी तुम्हीच घ्या.”

थॅडियसने माझ्याकडे बोट केलं. “आणि हा? परत देणार?”

बाईंनी पर्समधून पावती काढली, तारीख वाचली. अजून पुष्कळ दिवस आहेत, म्हणाल्या. माझी तार थंड होती, तरी आतून तडकल्यासारखं झालं.

“पण याने काय केलं?” त्या म्हणाल्या. “याला भूक लागली तर ओरडताही येत नाही. चाळीस वर्षं भट्टीशी माणूस बसत होतं. मीच म्हटलं, आता कुणी बसायला नको.”

थॅडियस पुष्कळ वेळ ग्लासातला सोडा हलवत राहिला.

“मी येत जाईन, वहिनी. हा लागेल तेव्हा. बसायला.”

“या ना,” बाई म्हणाल्या. “पण त्या सॉकेटपासून चार हात लांब बसा.”

तर मी अजून इथेच आहे. पावती कुठे ठेवलीय मला माहीत नाही, आणि भीती काही गेलेली नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी मुकं, भिंतीतल्या वायरीवर जगणारं असेल, तर त्याला लावून निघून जाऊ नका. दुपारी एकदा या, त्याच्यावर हात ठेवा. गरम असेल तर काळजी नाही. गार लागलं तर घाबरा. तेवढं माझ्या वाट्याचं तुम्ही घाबरा.